कॉम्प्युटरला दिलेलं सोनं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो सायकलरिक्षात बसून. गादीच्या खोळीत गुंडाळलेला, आणि मागून बाबा सायकलवर, एक हात हँडलला आणि एक हात त्या गाठोड्याला. पंडरी बाजारातल्या एका ठोक कापडवाल्याने दुकानात नवा घेतला होता, त्याचा हा जुना. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत रिक्षा वळली तेव्हा देवळातली दुपारची घंटा चालू होती आणि सगळ्या ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, कारण त्या आकाराचं गाठोडं म्हणजे एक तर टीव्ही, नाही तर लग्न ठरलेलं असणार. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याच्या पंख्यातून रंगीत धाग्यांचा भुगा बाहेर आला आणि खोलीभर नव्या कापडाच्या खळीचा वास पसरला. आईने नाकाला पदर लावून तो वास घेतला आणि म्हणाली, “चांगल्या घरचा दिसते.” पुढच्या खोलीत विजेचं एकच बटण धड होतं आणि ते देव्हाऱ्याशेजारी. त्यामुळे कॉम्प्युटर बसला तो थेट देवांच्या पंगतीत. आईने त्याला आपल्या जुन्या इरकलीचं झाकण शिवलं, काठ बरोबर समोर येईल असं, आणि त्याला चपला घालून कुणी शिवायचं नाही हा नियमही त्याच दिवशी लागू झाला.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच नीट कळत नव्हतं. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत होतं. भोपाळहून आलेले साहेब घरं शोधत फिरत होते, आणि पानवाला चुना लावता लावता “अब तो राजधानी हे भैया” असं म्हणून जरा ताठ बसायचा. आज जिथे नवा रायपूरचे रुंद रस्ते आहेत तिथे तेव्हा धानाची शेतं होती. सगळ्यांत जोरात उगवत होत्या त्या मात्र कॉम्प्युटर शिकवणाऱ्या संस्था. किराणा दुकानाच्या वर एक, दाताच्या डॉक्टरखाली एक. मी इंजिनीअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सॉफ्टवेअरमध्ये जायचं एवढंच ठरवलं होतं. ते नक्की कुठे असतं ते माहीत नव्हतं. बंगलोर, पुणे, हैदराबाद ही नावं आम्ही देवस्थानांसारखी घ्यायचो.

बाबा रेल्वेच्या कचेरीत हेड क्लार्क. आजोबाही रेल्वेत, अकोल्याहून बदली होऊन इकडे आलेले. आमच्या घरात नोकरी म्हणजे रेल्वे आणि बाकी सगळे छंद. बाबांचा विरोध नव्हता, पण त्यांचा एक करार होता आणि तो त्यांनी जेवताना, ताटातली मिरची बाजूला सारत, अगदी सौम्यपणे सांगितला होता. “वैशू, एक कंपनी पाहू. मनापासून पाहू. नाही जमलं तर रेल्वेचा पेपर द्यायचा, मंग नाराज नाही व्हायचं.” मी हव म्हटलं. म्हणताना वाटलं होतं, एक सोडून दहा कंपन्या येतील. रायपूरला एकही आली नाही. आली ती नागपूरला, आसपासच्या सगळ्या कॉलेजांसाठी मिळून एकच. तिची मुलाखत दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी होती, आणि येताना आपला प्रोजेक्ट फ्लॉपीवर घेऊन या, असं कळवलं होतं.

प्रोजेक्ट मी आणि सरिताने मिळून केला होता. सरिता माझ्या वर्गातली, जवळच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, घरची छत्तीसगढी बोलणारी. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी ती आमच्याकडे. आमच्या घरच्या भाषेची तेव्हा भेळच होती. आई वऱ्हाडीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची, सरिता “हव काकी” म्हणून मधेच छत्तीसगढी घालायची आणि पडद्यावर इंग्रजीत चूक दिसायची. आई मला दटावायची, “घरात मराठी बोल ना वं, पोट्टी. हिंदी काय, बाहेर फुकट भेटते.” सरिताच्या आईकडून ती चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, शिकली होती आणि बदल्यात सांभारवडी शिकवून आली होती. त्यामुळे आमच्या टेबलावर एका ताटलीत दोन्ही असायचं आणि कीबोर्डची काही बटणं कायमची तेलकट झाली होती.

आमची काम करायची पद्धत आता आठवली की मला हसू येतं. प्रोग्राम चुकला की आम्ही विचार करायचो नाही. आम्ही आकडा बदलायचो. एकाचा दोन करून बघ, दोनाचा शून्य करून बघ, अधिक काढून उणे घालून बघ. चाललं की टाळी, नाही चाललं की पुन्हा. कधी ना कधी ते चालायचंच, आणि का चाललं हे आम्ही त्याला विचारायचो नाही, उगाच रुसेल म्हणून. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अनेक हुशार मुलं पाहिली जी अजूनही असंच करतात. त्यांना मी ओरडत नाही, कारण कुठल्या तोंडाने ओरडणार.

घोडामैदान जवळ आलं आणि आईने खंडेनवमीची तयारी काढली. खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजायची ही आमची रीत. विळी, कात्री, बाबांचे पाने-पक्कड, माझी पुस्तकं. एकदा हळदकुंकू लागलं की दसरा पार पडून दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लहानपणी मला हा सण फार आवडायचा, कारण अभ्यास करणं हेच पाप ठरायचं. त्या वर्षी आई चंदन उगाळता उगाळता कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, “याची पण करावं लागते पूजा. तुयं हत्यार तर हेच हाये.”

मी म्हटलं, “आई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आहे. दोन दिवस हात नाही लावला तर मी तयारी कशी करू?”

“वर्षभर करूनच राहिली ना? दोन दिवसांत काय होते? त्याले बी आराम पाहिजे.”

“त्याले आराम लागत नाही, आई. तो मशीन आहे.”

“बाबाचं टाईपरायटर का मशीन नव्हतं? आजवर नवमीला कोनी हात नाही लावला. विचार.”

बाबा पेपरात तोंड घालून बसले होते, त्यांनी आणखी आत घातलं. मग मध्यम मार्ग त्यांनीच काढला. आमच्याकडे या पूजेला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची पद्धत आहे. ओळीने एक मांडत जायचं, वर निमुळती, मध्ये रुंद, खाली परत निमुळती. प्रत्येक घराची थोडी वेगळी असते. आमची आजोबांनी ठरवलेली, आणि ती दरवर्षी मीच काढायची. बाबा म्हणाले, “यावर्षी पाटी नको. पडद्यावरच काढ. म्हंजे पूजेच्या वेळेपर्यंत तुले हात लावता येईल, आन् तुयी आई बी खूश.” आईला ते पटलं. पाटीपेक्षा पडदा मोठा होता.

ओळीत किती रिकाम्या जागा, मग किती एक, हे पडद्यावर छापणं हा सी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाचा पहिल्या महिन्यातला धडा असतो. मला वाटलं, चुटकीसरशी होईल, आणि झालंही. मग हौस म्हणून मला ती आणखी रुंद करावीशी वाटली. आईचं ताम्हन पुढे आलेलं, बाबा सोवळं नेसून उभे, आणि मी शेवटचे दोन आकडे घाईघाईने बदलून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या एकांची सरस्वती उभी राहिली. आईच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तिने तत्क्षणी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, पडद्याच्या कपाळी लावलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. मीही हात जोडून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा मला दिसलं की सरस्वती कमरेतून तुटली होती. खालचा सगळा भाग वरच्या भागापेक्षा एक घर डावीकडे सरकला होता.

“आई, एकच बटण. एकच.”

“कुंकू लागलं,” आई म्हणाली. पूजेतला देव झाकत नाहीत म्हणून पडदा बंद करायलाही तिने मनाई केली.

झालं. दोन दिवस माझी चूक फुलांच्या माळेत, समईच्या उजेडात, साऱ्या पाऱ्याला दर्शन देत बसली. जो येईल तो आधी नमस्कार करायचा आणि मग मान वाकडी करून बघायचा. शेजारच्या दीदींनी विचारलंच, “भैया, मैया थोड़ी झुकी हुई हैं क्या?” बाबा गंभीरपणे म्हणाले, “विद्या विनयाने शोभते ना दीदी, म्हणून वाकली.” हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढे कुणी न विचारताच ते सांगू लागले. मला मनापासून रडू येत होतं, कारण मुलाखत समोर होती आणि पहिल्या महिन्यातला धडा मला येत नव्हता, हे सगळ्या गल्लीला दिसत होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी त्या पडद्यासमोर पाट घेऊन बसले. हात लावता येत नाही, आकडा बदलून बघता येत नाही, मग उरतं काय? बघत राहणं. आधी चिडून बघितलं. मग पाठकोऱ्या कागदावर एकेक ओळ उतरवायला लागले. या ओळीला डावीकडे किती जागा सोडल्या, पुढच्या ओळीला किती, का. मशीनच्या जागी मीच बसले आणि प्रोग्राममधलं एकेक वाक्य आठवून मीच पाळत गेले. वरचा भाग मोजताना मी एकापासून सुरू करत होते आणि खालचा शून्यापासून. एवढंच. तुक्क्याने लावलेले दोन आकडे एकमेकांशी बोललेच नव्हते. मला आठवतं, ते कळलं तेव्हा मी ओरडले नाही की उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला प्रोग्राम कळला होता, आणि तोही मशीनला न विचारता. मग मी तिथेच बसून सरस्वतीला कागदावर उलटी केली, लहान केली, पोकळ केली. आई नैवेद्याचं ताट घेऊन आली तेव्हा माझी बोटं शाईने भरली होती. तुपात बुडवलेल्या पुरणपोळीचा तुकडा तिने माझ्यासमोर धरला. मी मान न वळवता म्हटलं, ठेव, खाते. “आ कर,” ती म्हणाली. मी आ केला. अख्खी पोळी तिने अशीच भरवली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, “पाहून पाहून बिचारीले दृष्ट लागन.”

संध्याकाळी बाबा आपट्याची पानं घेऊन आले. सरिताही आली, हातात पानांचा जुडगा, तिच्याकडे त्यांना सोनपत्ती म्हणतात. सोनं देऊन झालं, पाया पडून झालं. कोपऱ्याकोपऱ्यात सोनं वाटत आई देव्हाऱ्यापर्यंत गेली. मी आणि सरिता आत चहा गाळत होतो. बाहेर आलो तेव्हा आई कॉम्प्युटरपासून मागे होत होती, आणि तिच्या हातात पान नव्हतं.

“आई, पान कुठे गेलं?”

“देल्लं त्याले.”

“कुठे दिलं?”

“आता त्याले हात नाही, मंग कुठं देऊ? तोंडात देल्लं.” आणि तिने बोट दाखवलं ते फ्लॉपीच्या खाचेकडे.

मी पुढे झाले तर आईने अडवलं, उत्तरपूजा झाली नाही म्हणून. सरिताने कप खाली ठेवला. आमचा प्रोजेक्ट त्या मशीनमध्ये होता आणि बाहेर येण्याचा त्याला तो एकच रस्ता होता. फ्लॉपीवर प्रत उतरवायची राहिली होती, कारण अजून एक सुधारणा करायची होती. आम्हा लोकांची अजून एक सुधारणा कायमच बाकी असते.

सकाळी आईने समाधानाने अक्षता टाकून उत्तरपूजा केली आणि मी कीबोर्डवर झडप घातली. आधी काय केलं असेल? फ्लॉपी नाही. आधी सरस्वती. एका शून्याचा एक केला, बटण दाबलं, आणि ती सरळ उभी राहिली, पहिल्याच फटक्यात. मी टाळी वाजवली. मग फ्लॉपी घातली, ती अर्ध्यावर अडली. बाबांनी आपला बारीक चिमटा आणला. पानाचा देठ आणि अर्धं पान निघालं, उरलेलं अर्धं आत कुठेतरी चुरा होऊन बसलं. मशीन घरघरलं आणि नाही म्हणालं, पुन्हा घरघरलं आणि पुन्हा नाही म्हणालं. आई दारात उभी होती. ती काहीच बोलत नव्हती, आणि आई बोलत नाही म्हणजे तिला कळलेलं असतं. सरिताने बॅग खांद्याला लावली. “अब का करबो,” ती म्हणाली, “जाबो त सही.” जाऊ तर खरं. आईने सांभारवडीचा डबा तिच्या हातात दिला, माझ्याकडे न बघता.

बाबा रेल्वेच्या पासवर आम्हाला नेत होते. गोंदिया आलं, महाराष्ट्र लागला, तसे ते खिडकीतून मराठी पाट्या वाचायला लागले, मोठ्याने, एकेक ‘आहे’ आणि ‘नाही’ चवीने. ही त्यांची दर वेळची सवय. त्या दिवशी मात्र मधेच थांबून म्हणाले, “रेल्वेचा पेपर बी काही वाईट नसते, वैशू.” मी हव म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मुलाखत घेणारे गृहस्थ दक्षिणेकडचे होते. कपाळाला भस्माची पुसट रेघ, चेहरा कोरा. त्यांनी इंग्रजीत प्रोजेक्ट मागितला. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की आणला नाही. का? मी आठवून आठवून शब्द जुळवले आणि सांगितलं की ड्राईव्हमध्ये झाडाचं पान आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला सगळंच सांगावं लागलं. खंडेनवमी, कुंकू, वाकलेली सरस्वती, आईने मशीनच्या तोंडात दिलेलं सोनं. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, आणि कुंकवाला इंग्रजी शब्द न सापडल्याने तिथे मराठी. ते हसले नाहीत. म्हणाले, “माझी आईही आमच्या कॉम्प्युटरला चंदन लावते. पण मी दुसरी प्रत ठेवतो. तुम्ही का नाही ठेवली?” अजून एक सुधारणा करायची होती, मी म्हटलं.

मग त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “ती सरस्वती लिहून दाखवा.”

मी लिहिली. त्यांनी वाचली, एका ओळीवर बोट ठेवलं. इथे शून्य असता तर? खालचा भाग एक घर डावीकडे गेला असता, मी म्हटलं. आकार एकाच ओळीचा मागितला तर? मी सांगितलं. आतून पोकळ हवी असेल तर? मी कागद उलटा करून लिहिलं. ते विचारत गेले आणि मी सांगत गेले, कारण त्या सरस्वतीकडे मी जितकं बघितलं होतं तितकं जगात कुणी बघितलं नसेल. शेवटी ते म्हणाले, “विचार करायच्या आधी चालवून बघायची सवय नाही वाटतं तुम्हाला.” मी खरं ते सांगितलं. सवय तीच होती, दोन दिवस आईने हात लावू दिला नाही. तेव्हा कुठे ते हसले.

संध्याकाळी यादी लागली, त्यात माझं नाव होतं. सरिताचं नव्हतं. मला आनंदही धड करता येईना. परतीच्या गाडीत तिनेच उरलेल्या सगळ्या सांभारवड्या संपवल्या आणि हात पुसत म्हणाली, “अगला दसरा मं मोर मसीन ला घलो सोनपत्ती खवाबो.” म्हणजे पुढच्या दसऱ्याला तिच्याही मशीनला सोनं भरवायचं. तिला पुढच्या वर्षी नोकरी लागली, माझ्यापेक्षा चांगली, हे इथेच सांगून टाकते. आज ती नवा रायपूरला मोठी अधिकारी आहे आणि दसऱ्याला अजून आमच्याकडे येते.

बाबांनी नागपूर स्टेशनवरूनच दीदींच्या घरी फोन लावून आईला बोलावून घेतलं होतं. मी शेजारी उभी होते. बाबा एकेक शब्द हळू, जपून सांगत होते. पलीकडून आईचा आवाज मात्र खणखणीत आला, मलाही ऐकू येईल एवढा. “म्हटलं होतं ना मी? उगाच देल्लं होतं का त्याच्या तोंडात सोनं?” आदल्याच दिवशी दारात गप्प उभी असलेली बाई ती हीच. आम्ही घरी पोचेपर्यंत सगळ्या पाऱ्याला कळलं होतं की पोरीला नोकरी कशामुळे लागली, आणि पुढची कित्येक वर्षं परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या आया आमच्याकडे आपट्याचं पान मागायला यायच्या.

बंगलोर झालं, पुणे झालं. बाबा गेल्यावर मी आईसाठी रायपूरला परत आले. आता आम्ही दोघी नवा रायपूरला राहतो, मी घरूनच काम करते. खिडकीबाहेर रुंद रस्ता, क्वचित एखादी बस. पन्नाशी मला खुणावते आहे आणि आईला नीट दिसत नाही. गेल्या खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपला तिने चाचपत हळदकुंकू लावलं. एकांची सरस्वती पडद्यावर होतीच, सरळ. दसऱ्याच्या संध्याकाळी ती पान घेऊन आली आणि लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. एक बाजू, दुसरी बाजू, मागची, पुढची.

“याचं तोंड कुठं गेलं वं?”

“आता तोंड नसतं, आई. हल्ली नाहीच ठेवत.”

तिने बोट थांबवलं. थोडा विचार केला. “मंग हे खाते काय?” ती स्वतःशीच म्हणाली, आणि पान माझ्या तळहातावर ठेवून तिने बाजूच्या ताटातला पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला.

“आ कर,” ती म्हणाली.

मी पान मुठीत धरून तिच्याकडे वळले आणि आ केला.